वाचकांचे प्रश्न : ‘मोरस’ साखर आणि बेटावर गेलेला माणूस

प्रश्न : माझी आजी साखरेला साखर न म्हणता ‘मोरस’ म्हणत असे. आमच्या घरी असेही सांगतात की, तिच्या आजेसासऱ्यांचे धाकटे भाऊ ‘मोरस बेटावर’ गेले ते परत आलेच नाहीत. गोऱ्यांनी त्यांना फसवून नेले. यात तथ्य किती? आणि कोकणातला माणूस इतक्या लांब का गेला असेल?
– एक वाचिका, गुहागर तालुका

उत्तर : आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आजींच्या त्या शब्दातच आहे. मोरस म्हणजे मॉरिशस. तिथली पांढरी दाणेदार साखर मुंबई बंदरात उतरू लागली आणि बेटाचे नावच साखरेला चिकटले. ज्या बेटावरून साखरेची पोती इकडे येत होती, त्याच बेटावर ऊस तोडायला इकडची माणसे जात होती.

ब्रिटनने १८२५ साली मॉरिशसच्या साखरेवरचा आयातकर वेस्ट इंडीजच्या साखरेइतका कमी केला आणि बेटावर उसाची लागवड झपाट्याने वाढली. पुढे १८३३ च्या कायद्याने साम्राज्यातील गुलामगिरी संपवण्याचे ठरले, तेव्हा गुलामांच्या मालकांना एकूण दोन कोटी पौंड भरपाई मिळाली. ज्यांनी गुलामी सोसली त्यांना मात्र काहीही मिळाले नाही. आता ऊस कोण तोडणार, हा मळेवाल्यांपुढचा प्रश्न होता आणि त्याचे उत्तर त्यांना हिंदुस्थानात सापडले. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून ३६ करारबद्ध मजूर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या करारावर बांधून नेलेली माणसे, मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात उतरले. ही पद्धत बंद होईपर्यंत तिथे सुमारे साडेचार लाख माणसे पोचली होती. त्यांतली बहुसंख्य कलकत्ता आणि मद्रास बंदरांतून गेली. मुंबईहून गेलेली त्या मानाने थोडी, पण त्या थोड्यांत रत्नागिरीकडच्या मराठी माणसांचा भरणा मोठा होता.

कोकण मुळातच दरिद्री, म्हणून माणसे बाहेर पडली, असे आपण सहज म्हणून जातो. मला हे उत्तर अपुरे वाटते. पेशवाई आणि आंग्र्यांच्या काळात इथल्या माणसाला किल्ल्यांवर, गलबतांवर, फौजेत चाकरी होती; १८१८ नंतर ती बहुतेक सरली. उरली ती शेती, आणि तीही खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, हाताखाली. अर्धेलीने कसणाऱ्या कुळाचे निम्मे भात खोताच्या अंगणात जाई, शिवाय वेठ वेगळी. वरकस, म्हणजे डोंगरउताराच्या हलक्या, जमिनीतल्या नाचणी-वरीवर वर्ष ओढायचे आणि एखादा पाऊस चुकला की सावकाराचे दार गाठायचे, अशा घरातला धाकटा मुलगा पाच रुपये महिना आणि वर शिधा, हे ऐकून बंदराची वाट धरी, यात नवल काय? ही लाचारी जमिनीने जेवढी आणली, त्याहून अधिक राज्यव्यवस्थेने आणली, आणि मजुरांची गरज पडली तेव्हा त्याच व्यवस्थेने तिचा फायदा घेतला.

फसवणूक झाली का? पुष्कळांची झाली. काम किती, बेट किती लांब, हे भरती करणारे मुकादम खरे सांगत नसत, आणि अक्षर न वाचता करारावर अंगठा उठे. मात्र सगळेच अजाणतेपणी गेले, असेही मानू नये. जुने मजूर गावी परतून आपल्याच भाऊबंदांना घेऊन जात. त्यांना पुढचे सारे ठाऊक असे. तरी तिथला जाच खराच होता. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. १८६७ च्या कायद्यानंतर करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगावा लागे आणि तो नसेल तर पोलीस पकडून नेत.

मुंबईची पहिली कापडगिरणी १८५४ साली उभी राहू लागली आणि कोकणातल्या माणसाची वाट हळूहळू तिकडे वळली. तिथेही मुकादमच भरती करी. फरक एवढाच की गिरणगावातला चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येऊ शके आणि १८८० नंतर त्याची मनीऑर्डर दारात पोचे. बेटावरच्या माणसाची चूलच तिकडे मांडली गेली.

करारबद्ध मजुरीची ही पद्धत मोडण्यासाठी झटणाऱ्यांत आपल्याच तालुक्यातल्या कोतळूकचे गोपाळ कृष्ण गोखले होते, हे मला मुद्दाम सांगावेसे वाटते. मार्च १९१२ मध्ये त्यांनी करारबद्ध मजुरी पूर्ण बंद करण्याचा ठराव मध्यवर्ती कायदेमंडळात मांडला. सरकारी बहुमताने तो पाडला. १९१५ साली ते गेले आणि १९१७ मध्ये भरती थांबली. ती थांबलेली त्यांना पाहता आली नाही.

आपल्या पूर्वजांचा माग लागण्याची शक्यता अजून आहे. मॉरिशसमधील मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. त्यांत क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव आणि अंगावरची खूण लिहिलेली असे. चौकशी करताना आडनावावर भिस्त ठेवू नका, कारण तिथे मूळ पुरुषाचे पहिले नावच पुढे वंशजांचे आडनाव झालेले पुष्कळदा आढळते, आणि कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे ते लिहिले गेले. त्यांचे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि गावाचे जुने नाव एवढे घरातल्या वडीलधाऱ्यांकडून नक्की करून घ्या आणि मगच पत्र पाठवा.