नवीन स्वस्त कार्ट्रिजने निराशा केली. ४० तास वाजवल्यावर आवाज खरंच सुटतो का?

तुम्ही लिहिलंय की नवं कार्ट्रिज, म्हणजे रेकॉर्ड वाजवणारी सुई ज्यात असते तो छोटा भाग, बसवून आठवडा झाला, आवाज दबका येतो, रेकॉर्डची बाजू संपत आली की गाणाऱ्याचा ‘स’ फाटतो आणि दुकानदार म्हणतो, ४० तास वाजू द्या, मग सुटेल. हे वाचून राहवलं नाही. असे तास मी दिलेत, तेही वडिलांच्या रेकॉर्डवर. हे उत्तर वाचून होईपर्यंत तरी जिवापाड जपलेली रेकॉर्ड त्या सुईखाली ठेवू नका.

वडील परभणीत शिक्षक होते. कामानिमित्त हैदराबादला गेले की तिथल्या आबिद्स बाजारात एक चक्कर ठरलेली. येताना पिशवीत एखादी एलपी असायची. त्यातली पंडित भीमसेन जोशींची अभंगांची एलपी घरात पोथीसारखी जपलेली. कव्हरच्या कोपऱ्यात त्यांच्या हातची जांभळ्या शाईतली तारीख आहे. एकादशीला सकाळी ती लागायची, आई भगर निवडत ऐकत बसायची. हात धुतल्याशिवाय कुणी तिला शिवायचं नाही.

वडील गेल्यावर काही वर्षांनी मी टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, घेतला आणि त्यावर परवडेल असं साधं मॅग्नेट कार्ट्रिज बसवलं. कुठल्या कंपनीचं ते लिहीत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. महिना जानेवारीचा. आमच्याकडे जानेवारीची पहाट कशी असते ते परभणीकराला सांगायला नको, त्यात माझी खोली पत्र्याची. पहिली बाजू लावली आणि तोंड उतरलं. तंबोरा घोंगडी पांघरल्यासारखा, आणि शेवटच्या अभंगात प्रत्येक ‘स’ला कापड टरकावल्यासारखा आवाज.

दादा शेती बघतो. तो बाजेवर बसून ऐकत होता. म्हणाला, “आरं, नवं ट्रॅक्टर आणलं तर पहिले पन्नास तास आपण लोड देतो का? मोकळं व्हायला येळ लागतो. चालू दे, उगं हात लावू नको.” थोरल्या भावाचा शब्द, शिवाय इंजिनातलं त्याला कळतं. मी ऐकलं. फरक नीट कळावा म्हणून रोज सकाळी तीच एलपी, तीच बाजू लावली. होळीपर्यंत.

मार्चमध्ये तंबोरा खरंच मोकळा झाला. दादा म्हणाला, “बघ, म्हणलो नव्हतो?” पण शेवटच्या अभंगातला ‘स’ तसाच होता. उलट आता तो तिसऱ्या अभंगापासूनच खरखरायला लागला होता.

माझा एक मित्र सराफ आहे. त्याच्याकडचा सोनं तोलायचा छोटा डिजिटल काटा एका रविवारी घरी आणला. सुईने रेकॉर्डवर किती वजनाने टेकायचं ते कार्ट्रिजवर लिहिलेलं असतं, माझ्यावर २ ग्रॅम. काट्यावर सुई टेकवली तर १.२. तीनदा टेकवली, तीनदा तेच. कारण सापडायला तास गेला. टोनआर्म, म्हणजे कार्ट्रिज ज्याच्या टोकाला बसतं तो हात, तोलून शून्यावर आणताना मी सुईचं प्लॅस्टिकचं टोपण काढलं नव्हतं. टोपणासकट तोल साधला, मागच्या वजनाची चकती २ वर फिरवली आणि मग टोपण काढलं. टोपणाचं वजन तिथेच कमी झालं. (काट्याचं ताट लोखंडी असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक त्याकडे ओढलं जातं आणि आकडा खोटा येतो. ताटावर प्लॅस्टिकचा उंचवटा ठेवून, रेकॉर्डच्या उंचीवर मोजा.)

मग कार्ट्रिजचा कोन लावायचा कागद बघितला. तो झेरॉक्सवाल्याकडून छापून आणलेला. त्यावरची १०० मिलिमीटरची रेघ स्टीलच्या पट्टीने मोजली तर ९७ भरली. प्रिंटरने पानात बसवायला चित्र आखूड केलं होतं. म्हणजे सुईचा कोनही पहिल्या दिवसापासून चुकलेला.

दोन्ही नीट केल्यावर बाकीच्या रेकॉर्ड स्वच्छ वाजल्या, शेवटच्या गाण्यापर्यंत. वडिलांची एलपी मात्र वाजली नाही. संभाजीनगरला एका ओळखीच्यांकडे फार चांगला प्लेअर आहे, तिथे नेऊन लावली. ‘स’ तिथेही फाटला. तेव्हा कळलं की तो फाटका आवाज आता रेकॉर्डमध्येच कोरला गेलाय. वजन कमी पडलं की सुई रेकॉर्डच्या खाचेत नीट बसत नाही, एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आपटते. हिऱ्याची सुई आणि प्लॅस्टिकची भिंत, त्यात झिजणार कोण? लोक वजन कमी ठेवतात ते रेकॉर्ड वाचावी म्हणून, पण सांगितल्यापेक्षा कमी वजनानेच ती जास्त खराब होते.

आता तुमचा प्रश्न. सुईच्या दांडीला धरून ठेवणारं रबर असतं, ते वापराने थोडं सैल होतं, हे खरं. पण त्याने आवाज चिमूटभर बदलतो. फाटलेला ‘स’ त्याने शिवला जात नाही. मार्चमध्ये माझा तंबोरा मोकळा झाला तो मुख्यतः उन्हाने. गारठ्यात ते रबर म्हाताऱ्याच्या गुडघ्यासारखं आखडतं. पुढच्या डिसेंबरात, तेच कार्ट्रिज पुरेसं वाजून झालेलं असताना, पहाटे पुन्हा तसाच दबका आवाज आला, आणि खोली तापल्यावर गेला. तेव्हा थंडीत सकाळी ऐकून कार्ट्रिजबद्दल मत बनवू नका.

बाजूच्या शेवटी त्रास का, तर बारा इंची एलपीच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढीच सुरावट निम्म्याहून कमी जागेत दाटलेली असते. स्वस्त कार्ट्रिजला बहुधा गोल टोकाची सुई येते, तिला हे बारीक वळण पुरतं वाचता येत नाही. आणि तास वाजवून गोल टोक लंबगोल होत नाही. वजन आणि कोन बरोबर असूनही शेवटी थोडी धार कमी वाटली तर ते त्या सुईचं स्वरूप समजा. पुढे त्याच कार्ट्रिजवर लंबगोल सुई बसत असेल तर तेवढीच बदला. ‘स’ फक्त उजव्या स्पीकरमधून फाटत असेल तर अँटीस्केट, म्हणजे टोनआर्म आत ओढला जातो त्याला दिलेला उलटा जोर, कमी पडतंय.

एक राहिलंच, सुई कारखान्यातूनच तिरकी चिकटवलेली असू शकते. सराफाच्या भिंगातून समोरून बघा. तशी निघाली तर लगेच परत करा. दुकानदाराचे ४० तास मोजत बसलात तर परतीची मुदत निघून जाईल.

दादा अजूनही म्हणतो की आवाज त्याच्या सांगण्याने सुटला. दादा, तू हे वाचशील म्हणून लिहितो. ट्रॅक्टरमध्ये लोखंडावर लोखंड घासतं, दोघं एकमेकांना बसतात, म्हणून पन्नास तास लागतात. इथे घासली गेली ती फक्त आप्पांची रेकॉर्ड. तिसऱ्या अभंगापासून पुढे ती मी आता लावत नाही, तिथे सुई उचलतो.