मालकी चाळीस टक्के, सर्व्हिस चार्ज मात्र शंभर

प्रश्न : मॅडम, मुलगा-सून लेस्टरला असतात. तिथे शेअर्ड ओनरशिपमधून फ्लॅट बघतायत, 40% विकत घ्यायचा आणि उरलेल्यावर भाडं भरायचं. डिपॉझिटसाठी आमच्याकडे 13 लाख मागितलेत. भाडं म्हणजे पैसे पाण्यात असंच आम्ही मानत आलो, इथे तर हप्ता पण आणि भाडं पण! हिचं म्हणणं, देऊन टाका एकदाचे. काय करू?
– एक वाचक, सिंहगड रोड

उत्तर : काका, आधी धास्ती काढा, स्कीम खरी आहे आणि तिकडे बरीच जुनी आहे. पूर्ण घर झेपत नाही त्यांच्यासाठीच ती आहे, लंडन सोडून बाकी इंग्लंडात घरातलं मिळून उत्पन्न वर्षाला 80 हजार पौंडांच्या आत लागतं. समजा फ्लॅट 3 लाख पौंडांचा आहे, तर 40% म्हणजे 1 लाख 20 हजार, त्याचं 10% डिपॉझिट 12 हजार आणि बाकीचं लोन. उरलेला हिस्सा हाउसिंग असोसिएशनचा, म्हणजे परवडणारी घरं देणाऱ्या तिकडच्या संस्थेचा, त्यावर साधारण 2.75% भाडं धरलं तर महिन्याला 412 पौंड होतात आणि ते दरवर्षी वाढतं.

मला भाड्यापेक्षा सर्व्हिस चार्ज जास्त खटकतो. मालकी 40% असली तरी मेंटेनन्स पूर्ण 100% त्यांनीच भरायचा, आणि तो किती वाढेल हे त्यांच्या हातात नाही. म्हणून मुलाला मागच्या तीन वर्षांची बिलं मागायला सांगा, नवीन बिल्डिंग असेल तर लेखी अंदाज तरी घ्या. आणि लीज, म्हणजे असोसिएशनबरोबरचा घराचा करार, कुठल्या मॉडेलचं आहे ते विचारा, 2021 नंतरच्या नव्या मॉडेलमध्ये पहिली 10 वर्षं बाहेरची आणि स्ट्रक्चरची मोठी दुरुस्ती असोसिएशन करते, रीसेलमध्ये जुनं लीज आलं तर ते संरक्षण नसतं.

पुढे हिस्सा वाढवता येतो, त्याला स्टेअरकेसिंग म्हणतात, पण भाव त्या दिवशीचा लागतो, आजचा नाही. घर वधारलं की उरलेले 60% पण वधारले, वर व्हॅल्युएशन आणि वकिलाची फी वेगळी.

अजून एक, जे मुलं घरी सांगत नाहीत किंवा त्यांनाही माहीत नसतं : हा फ्लॅट सहसा भाड्याने देता येत नाही. उद्या पुण्यात परत यायचं ठरलं तर "असू दे, भाडं येत राहील" हा आपला ठरलेला मार्ग बंद, विकावाच लागणार आणि विकताना आधी असोसिएशनला कळवायचं. दोघं तिथे पाच-सात वर्षं नक्की राहणार असतील तर द्या पैसे, नाहीतर अजून थोडे दिवस भाड्यानेच राहू देत.

पैसे पाठवताना एक करा. एका पॅनवर वर्षाला 10 लाखांच्या वर बाहेर पाठवले की वरच्या रकमेवर बँक 20% टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, घेते. रिटर्नमध्ये तो परत मिळतो पण तोवर अडकतो. काकूंच्या खात्यात त्यांचे स्वतःचे पैसे असतील तर थोडे तिकडून जाऊ द्या. तिकडची बँक तुमच्याकडून गिफ्ट लेटर मागेल, पैसे परत मागणार नाही आणि घरावर हक्क सांगणार नाही असं त्यात असतं, सही करायच्या आधी दोघांनी नीट वाचा.

प्रश्न : आम्ही दोघी बहिणी मिळून रावेतला फ्लॅट घेतोय, पैसे 60-40. काय सांभाळायचं?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ॲग्रीमेंटमध्येच 60-40 लिहून घ्या आणि पैसे आपापल्या खात्यातूनच द्या. कोणी किती दिले हे दाखवता आलं नाही तर हिस्सा सारखाच धरतात. फक्त बायकांच्याच नावावर घर असेल तर स्टॅम्प ड्युटी 7 ऐवजी 6% लागते, कुणाच्या नवऱ्याचं नाव हौसेने घातलंत की सवलत गेली. 60 लाखांवर 60 हजार होतात, मॉड्युलर किचनचा ॲडव्हान्स निघेल.