दार लागल्याचा त्रास की उघडल्याचा?

"मॅडम, नकार पचवायला शिकवा."

घरोघरी जाऊन विक्री करणारी मुलं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात ती बहुतेक हेच वाक्य घेऊन. कुणी वॉटर प्युरिफायर विकतो, कुणी खिडक्यांच्या जाळ्या, कुणी किचन ट्रॉल्या, कुणी वॉटरप्रूफिंग. माल वेगळा, गाऱ्हाणं एकच. वॉचमनची मनधरणी करायची, 'सेल्समनना प्रवेश नाही' या पाटीखालून आत शिरायचं, जिने चढायचे, अर्ध्या वाक्यात दार लागतं ते बघायचं आणि संध्याकाळी ग्रुपवर आकडा टाकायचा. आकडा शून्य असला की सगळ्यांदेखत टीम लीडरची बोलणी. मग रात्री झोप नाही आणि सकाळी गाडीला किक मारायला पाय उचलत नाही.

मी विवेकनिष्ठ उपचारपद्धतीने काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास ती मांडली आणि आपल्याकडे कि. मो. फडके यांनी रुजवली. तिचं म्हणणं थोडक्यात असं, की घडलेल्या गोष्टीपेक्षा तिच्याबद्दल आपण मनातल्या मनात जे बोलतो, त्यानेच आपण जास्त हैराण होतो. विक्रीतल्या मुलांना मी हमखास एलिस यांचा तरुणपणचा किस्सा सांगते. एकोणिसाव्या वर्षी मुलींशी बोलायची त्यांना भयंकर भीती. म्हणून त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात महिनाभर बाकावर बसलेल्या अनोळखी बायकांशी मुद्दाम बोलायचं ठरवलं. शंभरेक जणींशी बोलले. भेटायला एकच तयार झाली आणि तीही आली नाही. पण कुणी पोलीस बोलावले नाहीत, आभाळ कोसळलं नाही आणि भीती मात्र गेली. ऐकून पोरं खो खो हसतात आणि काम निम्मं होतं.

सागर (नाव आणि ओळखीचे तपशील बदलले आहेत) हसला नाही. "भारी आहे," एवढंच म्हणाला आणि घड्याळाकडे बघितलं.

मूळचा साताऱ्याकडचा, सव्विशीचा, सिव्हिलचा डिप्लोमा केलेला. पुण्यात भिंतींची ओल घालवून देणाऱ्या एका कंपनीत घरोघर फिरायचा. वडील फोनवर म्हणायचे, "डिप्लोमा करून दारोदार फिरतोस होय?" त्यावर आम्ही बरंच बोललो. १९८२ मध्ये युरेका फोर्ब्सने घरोघरी जाऊन व्हॅक्यूम क्लीनर विकायला सुरुवात केली, तेव्हापासून टाय लावून जिने चढणाऱ्या मुलांच्या अख्ख्या पिढीने या कामावर घरं चालवली, हे त्याला पटत होतं. काकूंनी दार लावलं तेव्हा त्यांचा गॅसवर कुकर असेल, बाळ नुकतं झोपलं असेल, त्यांनी सागरला नाही, डेमोला नकार दिला, हेही त्याला पटलं. वहीत व्यवस्थित लिहून आणायचा. गृहपाठ असा की नमुना म्हणून दाखवावा. झोप मात्र तशीच उडालेली.

असं झालं की मी सल्ला बंद करते आणि हिशेब तपासते. पुढच्या वेळी मी उलट बाजूने विचारलं.

"ऑर्डर मिळते त्या दिवशी कसं वाटतं रे?"

तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "त्या दिवशी जास्त त्रास होतो."

"शेवटची ऑर्डर कुठली?"

"कोथरूडच्या आजींची."

मग ते सगळं बाहेर आलं. जुनी इमारत, दुसरा मजला, मुलगा परदेशात, आजी एकट्या. बेडरूमच्या भिंतीला पोपडे धरलेले. ही मुलं ओल मोजायचं छोटं यंत्र घेऊन फिरतात. पुढे दोन सुया असतात, भिंतीला टोचल्या की आकडा येतो, ओल जास्त असेल तर लाल दिवा लागतो. सागरला शिकवलं होतं की यंत्र खाली, स्कर्टिंगच्या जवळ लावायचं, तिथे आकडा चढाच येतो. त्याने लावलं. लाल दिवा. आजी घाबरल्या. "भिंत पडायची नाही ना रे?" त्यावर सागर नुसता गप्प राहिला. गप्प राहायचं, हेही शिकवलेलं.

"पण मॅडम, मी सिव्हिलवाला आहे. मला दिसत होतं ना. वरच्या बाथरूमचा नहाणी ट्रॅप गळत असणार, डाग बरोबर त्याच्याच खाली. आतून कितीही कोटिंग मारा, पाणी मागून येतंय. पावसाळ्यात परत पोपडे सुटणार."

"आणि आजी?"

"आजींनी बेसनाचा लाडू दिला. चेकबुक पुढे केलं आणि म्हणाल्या, रक्कम तूच भर बाबा, मला चष्म्यातूनही नीट दिसत नाही." इथे त्याचा आवाज गेला. "मी भरली. छत्तीस हजार. माझ्या अक्षरात."

माझ्या कामात असे क्षण रोज येत नाहीत. आले की ओळखता यायला हवेत, आणि इतक्या वर्षांत मला ते येतं, असं मी म्हणेन. नकार पचत नाही म्हणून आलेल्या या मुलाला होकार पचत नव्हता. दिवसभराचे नकार त्याला अपमानासारखे लागत होते, कारण मनात कुठेतरी वाटायचं, यांनी मला ओळखलं. दार लावणारी प्रत्येक बाई त्याच्याबद्दल खरं बोलतेय असं त्याला वाटे. मग एलिस यांचा किस्सा कसा लागू पडावा? बाकावर बसलेले एलिस कुणाला फसवत नव्हते.

दोन त्रास एकमेकांत गुंतले होते. लोक हाकलतात म्हणून मी हलका, हा विचार खोटा आहे, तो खोडायलाच हवा. घाबरलेल्या माणसाला नको ती वस्तू विकली म्हणून मन खातं, हा विचार अगदी शहाणा आहे. तो खोडायचा नसतो, त्याचं ऐकायचं असतं. विक्रीच्या प्रशिक्षणात दोन्हीला 'निगेटिव्ह माइंडसेट' म्हणून एकाच पिशवीत भरतात आणि सकाळच्या मीटिंगला टाळ्या वाजवून घेतात, याचा मला मनापासून राग आहे.

"फसवलं म्हणजे मी नालायक," असं सागर म्हणालाच. मी तिथे त्याला थांबवलं. केलेलं काम वाईट असू शकतं, त्यावरून अख्ख्या माणसाचा निकाल लावायचा नाही. नालायक ठरलेला माणूस कोपऱ्यात बसून राहतो. चूक केलेला माणूस उठून ती दुरुस्त करू शकतो.

"काम सुरू झालंय आजींकडे?"

"पुढच्या आठवड्यात होणार."

"मग?"

त्याने आधी ऑफिसात ऑर्डर रद्द करायला लावली. टीम लीडरने आवाज चढवला, कंपनीने तपासणीचे म्हणून दोन हजार कापलेच, ते सागरने खिशातून भरले. मग आजींकडे जाऊन सांगितलं, वरच्या मजल्यावर बोला, नहाणीत रंगीत पाणी सोडून बघा, गळती तिथे आहे, कोटिंगने जाणार नाही. आजी खवळल्या. "मग तेव्हाच का नाही बोललास?" म्हणाल्या आणि दार लावलं.

"धाडकन," सागर मला सांगत होता, आणि पहिल्यांदाच हसत होता. "वाईट वाटलं. पण भिकाऱ्यासारखं नाही वाटलं. रात्री झोपलो."

त्यानंतर त्याने तीन वाक्यं न बोलण्याचं ठरवलं: ऑफर आजच संपते, भिंत धोक्यात आहे, बाकी सगळं कंपनी बघेल. विक्री उतरली. दोन महिने इन्सेन्टिव्ह जवळपास नव्हताच आणि खोलीचं भाडं मित्राकडून घेऊन भरलं. चांगुलपणाला लगेच फळ मिळतं असं मी कुणालाही सांगत नाही. सध्या तो नोकरी टिकवून, गळती शोधून देणाऱ्या एका कंत्राटदाराकडे रविवारी काम शिकतोय.

तुम्ही या कामात असाल आणि जीव नकोसा होत असेल, तर आठवडाभर एवढंच टिपून ठेवा: ऑर्डर मिळाली त्या रात्री झोप कशी लागली. विक्री झाल्यावर हलकं वाटत असेल, तर त्रास नकाराचाच आहे, आणि तो सरावाने जातो. रोज एका अशा दारावर जा जिथे 'नाही' येणार याची खात्री आहे, आणि जिना उतरताना स्वतःशी काय बोलता ते लिहा. विक्री झाल्यावरच जड वाटत असेल, तर आत्मविश्वासाच्या शिबिरावर पैसे घालवू नका. आपण काय विकतो, कुणाला आणि काय बोलून, हे आधी तपासा. रागाच्या भरात राजीनामा मात्र देऊ नका. निदान दोन-तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवून दुसरी वाट शोधा.

झोप आणि भूक दोन आठवड्यांहून जास्त बिघडली असेल, सकाळी घराबाहेर पडायला दारूचा आधार लागत असेल किंवा जगू नये असं वाटत असेल, तर थेट डॉक्टरांना भेटा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. आणि घरच्यांना एक विनंती: संध्याकाळी पोरगा बूट काढत असताना "आज किती विकलंस?" विचारू नका. आधी जेवायला वाढा.