इंजिनरूमची हवा: नाकावर विसंबू नका

31 जुलैला मासेमारीबंदी संपते. त्याच्या आधीच्या पंधरवड्यात येणाऱ्या प्रश्नांत एक गोंधळ ठरलेला असतो. डिझेल इंजिनाला हवा लागते ती जळणासाठी आणि गारव्यासाठी. पेट्रोलच्या इंजिनाला याशिवाय साचलेली वाफ बाहेर काढणारी हवाही लागते. एकीची सोय दुसरीला पुरत नाही.

120 अश्वशक्तीचं डिझेल इंजिन आहे. लाटेचं पाणी आत येतं म्हणून दोन्ही बाजूंच्या हवेच्या झडपा फळ्या मारून बंद केल्या. आता पूर्ण वेगात काळा धूर येतो. डिझेलचा पंप गेला का? (हर्णै)

पंप उघडण्याआधी फळ्या काढा. सहा लिटरचं फोर-स्ट्रोक इंजिन 1800 फेऱ्यांवर मिनिटाला पाच हजार लिटरच्या आसपास हवा ओढतं, टर्बो असेल तर आणखी बरीच. शिवाय इंजिनाच्या अंगची उष्णता काढायला हवा लागते ती वेगळी. खात्री करायची तर इंजिन पूर्ण भाराखाली चालू असताना वरचं झाकण उघडायला सांगा. फेऱ्या वाढल्या आणि धूर कमी झाला, तर दोष हवेचा. ढोबळ हिशेब असा: 100 अश्वशक्तीला किमान 30 चौरस इंच मोकळी वाट, म्हणजे तुम्हाला 36. जाळी आणि पट्ट्यांनी अडलेली जागा यात धरायची नाही. पाण्याची भीती असेल तर झडपेला आडपडदा आणि पाणी निथळायला भोक असलेली पेटी लावा, किंवा तोंड खाली वळवलेला पाइप डेकवर उंच घ्या. थंड हवा आत खाली सोडा, गरम हवा दुसऱ्या टोकाला छताजवळून काढा. आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा 15 अंशांहून जास्त चढू नये. नेमकं माप इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये असतं. तरीही धूर राहिला, तर इंजेक्टर-पंपवाल्या मिस्त्रीला दाखवा.

एक्झॉस्ट फॅन बसवला तर हवा आत यायची वाट लहान ठेवली चालेल का? (देवगड)

नाही. मग फॅन इंजिनाच्या तोंडची हवा पळवेल.

पर्यटकांची पेट्रोल बोट आहे, इंजिन आतल्या पेटीत. सुरू करण्याआधी झाकण पाच मिनिटं उघडं ठेवतो, वास येत नाही. तरी ब्लोअर (वाफ ओढून बाहेर टाकणारा पंखा) लागतोच का? दुकानदार गाडीच्या रेडिएटरचा फॅन ‘मरीन’ म्हणून निम्म्या किमतीत देतोय. (मालवण)

लागतोच, आणि तो फॅन परत करा.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा तिप्पट-चौपट जड. ती गळते आणि पाण्यासारखी तळात जाऊन बसते. वरचं झाकण उघडून ती निघत नाही. घागर उघडी ठेवली म्हणून तिच्यातलं पाणी सांडतं का? तुमचं नाक झाकणापाशी, वाफ गुडघ्याखाली. हवेत 1.4 टक्के वाफ मिसळली की एक ठिणगी पुरते. ‘वास नाही म्हणजे वाफ नाही’ हे धक्क्यावरचं शास्त्र सोडा.

ब्लोअरच्या नळीचं आतलं तोंड पेटीच्या खालच्या तिसऱ्या भागात हवं, पण तळाशी नेहमी साचणाऱ्या पाण्याच्या वर. पाण्यात बुडालं तर ब्लोअर नुसता गुरगुरतो, ओढत काहीच नाही. नळीला झोळ नको, झोळात पाणी साचून वाट बंद होते. बाहेरचं तोंड हवा आत येण्याच्या वाटेपासून लांब ठेवा, नाहीतर तीच वाफ पुन्हा आत. तीन इंची ब्लोअरच्या खोक्यावर मिनिटाला 130 घनफूट असा आकडा असतो. नळीला दोन वळणं पडली की तो निम्म्यावरही येतो. म्हणून इंजिन सुरू करण्याआधी किमान चार मिनिटं ब्लोअर, घड्याळ लावून. पर्यटक रांगेत आहेत म्हणून एक मिनिट पुरत नाही. पेट्रोल भरताना माणसं खाली उतरवा, झाकणं बंद ठेवा, भरून झाल्यावर पुन्हा चार मिनिटं. मग तळाशी वाकून वास घ्या. आला तर चावीला हात लावायचा नाही, आधी गळती शोधायची. नाही आला तरी ती चार मिनिटं वगळायची नाहीत.

आता तो फॅन. गाडीच्या मोटरच्या ब्रशांतून ठिणग्या उडतात. गाडीत त्या उघड्यावर उडतात, तुमच्याकडे वाफेत उडतील. बोटीचा ब्लोअर ठिणगी बाहेर पडू न देणारा असतो आणि तसं त्याच्यावर छापलेलं असतं. निळा रंग आणि नांगराचं चित्र हा काही पुरावा नव्हे. बसवल्यावर वायरिंग बोटीचं काम जाणणाऱ्या इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

स्वयंपाकाचा सिलिंडर इंजिनरूममध्ये ठेवतो. छताला भोक आहे. (रेवदंडा)

आजच बाहेर काढा. हा गॅसही जड, छताच्या भोकातून जाणार नाही. सिलिंडर डेकवर, उघड्यावर बांधा. ते भोक मात्र बुजवू नका. बॅटऱ्या चार्ज होताना निघणारा हायड्रोजन हलका, तो तिथूनच जातो.

शाकारलेली बोट दोन महिन्यांनी उघडली. खाली उतरलेल्या खलाश्याला चक्कर आली, आता बरा आहे. आधी पेटती काडी टाकून बघावी असं जुने लोक सांगतात. (साखरीनाटे)

त्या खलाश्याला आधी डॉक्टरांकडे न्या. बरं वाटतंय, हे तपासणीनंतर ठरू दे. काडी अजिबात नको: तळात डिझेल-पेट्रोलची वाफ असेल तर तीच भडकेल. तळाच्या कुजक्या पाण्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा तो वास जरा वाढला की नाक बधिर होतं आणि वास गेला असं वाटतं. बंद जागेत गंज आणि कुजणं प्राणवायूही खातात. सगळी झाकणं उघडा, ब्लोअरची नळी तळापर्यंत सोडून ताजी हवा आत ढकला, मग दोरीला वायू मोजणारा मीटर बांधून खाली सोडा. प्राणवायू 19.5 टक्क्यांखाली असेल किंवा सल्फाइड दहा लाखांत 10 भागांवर असेल, तर कुणीही उतरायचं नाही. मीटर भाड्याने किंवा गोदीतून मिळवा. एक माणूस वर दोरी धरून उभा हवा. खालचा पडला तर त्याने उडी मारायची नाही, दोरी ओढायची आणि हाका मारायच्या. माशांच्या खणालाही हेच लागू.

इंजिनरूममध्ये आग लागली तर ब्लोअर चालू ठेवून धूर काढावा का? (मिरकरवाडा)

नाही. ब्लोअर बंद, इंजिन बंद, डिझेलचा कॉक बंद, हवेच्या वाटांची झाकणं बंद. बघायला म्हणून वरचं झाकण उघडू नका. हवेची झाकणं हंगामाआधी एकदा फिरवून ठेवा, खाऱ्या हवेने अडकलेली असतात.