चौकशी खिडकी : नागपूरचं ऊन आणि फीनिक्सचं स्टेशन

प्रश्न : सप्रेम नमस्कार. आम्ही दोघं नागपूरचे. मी ६३ वर्षांची, हे ६८. मुलगा-सून अमेरिकेत ॲरिझोनातल्या फीनिक्सला असतात. जूनपासून सप्टेंबरअखेर आम्ही त्यांच्याकडे राहणार आहोत. घर शहराच्या ‘अपटाऊन’ भागात, सेंट्रल अव्हेन्यू आणि कॅमलबॅक रोडच्या चौकापासून अर्ध्या मैलावर. चौकात लाइट रेलचं स्टेशन आहे. मुलगा म्हणतो, ‘स्टेशन जवळ आहे, पण तुम्ही दोघंच जाऊ नका, ऊन फार असतं.’ आता नागपूरच्या माणसाला उन्हाची भीती घालायची म्हणजे कमालच झाली! गाडी आम्हा दोघांनाही चालवता येत नाही. मग चार महिने घरात बसून सिरियलीच बघायच्या का? तुम्ही तिकडे राहून आल्याचं मागे लिहिलं होतं, म्हणून विचारते. — एक वाचक, नागपूर

उत्तर : ताई, नमस्कार. योगायोग बघा, माझी लेक त्याच चौकाच्या आसपास राहते. मी तिच्याकडे दोनदा हिवाळ्यात आणि एकदा, २०२५ साली, ऐन उन्हाळ्यात राहून आलो. जन्म गेला एसटीत, वाहतूक नियंत्रक म्हणून. त्यामुळे कुठल्याही गावी गेलो की आधी स्टॅंड बघतो, देऊळ नंतर. तुमचं स्टेशन मी बघितलंय, नुसतं बघितलं नाही, तासन्‌तास बसलोय. तेव्हा सिरियली बघायची गरज नाही. मात्र मुलाचंही खोटं नाही.

आधी उन्हाचं सांगतो, कारण मीसुद्धा तुमच्यासारखाच तोऱ्यात होतो. नोकरीतली तीन वर्षं मी चंद्रपूरला काढलीत. शेहेचाळीस अंशांत, डोक्याला पंचा गुंडाळून, गाड्या लावल्यात. मला कोण ऊन दाखवणार? पण आपलं विदर्भातलं ऊन पाहुण्यासारखं असतं. कितीही छळलं तरी मृग लागला की त्याला निघावंच लागतं. फीनिक्सचं ऊन घरजावई आहे. २०२३ साली ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस दुपारचा पारा तिथे ४३ च्या खाली थांबलाच नाही. त्याच जुलैत सलग १६ रात्री अशा गेल्या की पहाटेसुद्धा ३२ च्या खाली उतरला नाही. शरीराला रात्री जी विश्रांती मिळायची, ती मिळत नाही आणि थकवा साठत जातो. त्या एका वर्षात त्या जिल्ह्यात उन्हानं ६४५ माणसं गेली. पुढल्या वर्षी, २०२४ ला, सलग ११३ दिवस ३८ च्या वर. घाबरवत नाही, हिशेब सांगतोय.

आणि घाम दिसत नाही. येतो तसा उडून जातो. त्यामुळे आपण ठीक आहोत असं वाटत राहतं. रस्त्याचं डांबर सत्तर अंशांच्या पुढे तापतं. तिथे लोक रस्त्यावर पडून भाजतात, त्यांना भाजल्याच्या वॉर्डात न्यावं लागतं. तेव्हा रबरी स्लिपरा नकोत, जाड तळव्याचे बूट घाला.

आता अर्ध्या मैलाचं. अर्धा मैल म्हणजे पाऊण-एक किलोमीटर, आपल्या चालीनं बारा-पंधरा मिनिटं. इतवारीत भाजी आणायला तुम्ही याहून जास्त चालत असाल. पण जूनच्या पहिल्याच आठवड्यात दुपारी एक वाजता मी नि आमची ही कॅमलबॅक रोडनं निघालो, तेव्हा वाटेत सावली किती मिळाली? एक बसथांबा आणि काही ताडाची झाडं. ताडाची सावली म्हणजे थाळीएवढी, तीही झाडापासून लांब पडलेली, रस्त्याच्या मधोमध. तेव्हापासून मी तिथे अंतर सावलीनं मोजायला शिकलो. लेकीला विचारायचो, ‘तिथपर्यंत सावली किती?’ ती हसायची, पण उत्तर द्यायची. सेंट्रल अव्हेन्यूनंच कॅमलबॅकच्या उत्तरेला गेलात, तर पुढे झाडांखालून जाणारी जुनी घोड्यांची पायवाट आहे. तिथे तासभर चाललो तरी त्रास झाला नाही. म्हणजे प्रश्न किलोमीटरचा नाहीच.

फलाटावर तर गंमतच झाली. छप्पर आहे, बाकं आहेत. पण बाकांवर कुणी नाही. सात-आठ माणसं एकामागे एक, एका ओळीत उभी. मी म्हटलं, वा, काय शिस्त! आणि सवयीनं ओळीच्या पुढे, गाडीचं दार येईल तिथे, जाऊन उभा राहिलो. दोन मिनिटांत टाळू तापली. मागे वळून नीट बघितलं तेव्हा उलगडा झाला. ती रांग नव्हतीच, ती सावली होती. ऊन तिरपं झालं की छपराची सावली छपराखाली राहत नाही, बाजूला सरकते. खांबाची जी हातभर रुंद पट्टी पडली होती, तिच्यात माणसं मावेल तशी उभी होती. सूर्य सरकला की सगळी ओळ न बोलता वीतभर सरकायची. एका बाईंनी मला हातानंच बोलावलं आणि आपल्यामागे जागा करून दिली. तोल सावरायला मी स्टीलच्या कठड्याला हात लावला. तो कसा झटकन उचलला, ते आमची ही अजून चारचौघांत करून दाखवते.

तेव्हा माझा सल्ला असा. जून ते ऑगस्ट बाहेर पडायचं ते सकाळी. अमेरिकेतली बहुतेक राज्यं उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करतात, ॲरिझोना करत नाही. त्यामुळे जूनमध्ये सव्वापाच-साडेपाचलाच उजाडतं. साडेपाच ते आठ हा तुमचा वेळ. (आपल्यात आणि त्यांच्यात बाराही महिने साडेबारा तासांचा फरक. सकाळी साडेपाचला फलाटावरून नागपूरला फोन लावलात, तर तिकडे संध्याकाळचे सहा. चहाच्या वेळेला शेजारीण हमखास सापडेल.) परतताना दहाच्या पुढे उशीर झाला, तर अर्धा मैल चालण्याचा हट्ट नको. मुलाला स्टेशनवर घ्यायला बोलवा. पाण्याची बाटली मोठी घ्या आणि लोक बघतील म्हणून न लाजता छत्री उघडा. तिथले लोकही उघडतात.

गाडीबद्दल. तुम्हाला नागपूरची मेट्रो माहीत आहे. वरून धावणारी, सरकता जिना, बॅगा तपासणारं यंत्र, पंख्यासारखं उघडणारं फाटक. इथे त्यातलं काही नाही. ही रस्त्यावरून जाते, मोटारींच्या शेजारून, सिग्नलला थांबत. वर विजेची तार, खाली रूळ. आमच्या पिढीनं मुंबईची ट्राम बघितली असेल, तर तिची श्रीमंत नात समजा. २००८ च्या २७ डिसेंबरला सुरू झाली, तेव्हा २० मैल होती. नंतर दोन्ही टोकांनी वाढत गेली. तुमच्या चौकात ती कॅमलबॅक रोडवरून सेंट्रल अव्हेन्यूवर काटकोनात वळते. डब्याची जमीन फलाटाच्या पातळीला, पायरी नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी यासाठी ही गाडी चालवणाऱ्या व्हॅली मेट्रोवाल्यांना दुवा द्यावा. आत एसी इतका की ओढणी लागतेच.

तिकिटाचं. फाटक नाही म्हणजे फुकट नाही. ‘कॉपर’ नावाचं कार्ड मिळतं. (ॲरिझोना तांब्याच्या खाणींचं राज्य, म्हणून नाव तांब्याचं.) गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्राला ते टेकवायचं. एका वेळचे दोन डॉलर. दिवसभरात चार डॉलर झाले की त्या दिवशी पुढे कितीही फिरा, पैसे कापत नाहीत. ही युक्ती मला फार आवडली. आपल्याकडे पास आधी काढावा लागतो आणि मग तो वसूल करायला उगाच हिंडावं लागतं. ६५ पूर्ण झालेल्यांना भाडं अर्धं, पण वयाचा पुरावा दाखवून तसं कार्ड काढायचं. म्हणजे तुमच्या मिस्टरांना सवलत, तुम्हाला नाही. एसटीतलं महिलांचं अर्धं तिकीट इथे चालत नाही हो.

कार्ड टेकवायला मी एकदा विसरलो. गप्पांच्या नादात सरळ चढलो. पुढच्या थांब्यावर तपासनीस आला. ज्यानं पस्तीस वर्षं दुसऱ्यांची तिकिटं आणि वेळा तपासल्या, तो मी, कार्ड पुढे करून शाळकरी पोरासारखा उभा. त्यानं यंत्र लावलं, मान हलवली आणि हळू आवाजात सांगितलं, ‘उतरून टेकवा, पुढची गाडी घ्या.’ उतरलो. पंधरा मिनिटं त्या हातभर सावलीत उभं राहून काढली. तेव्हापासून ही माझ्याआधी यंत्राजवळ जाऊन पहारा देते.

पत्ते समजायला सोपे, पण एक खोच आहे. सेंट्रल अव्हेन्यू ही मधली रेघ. तिच्या पश्चिमेला आकड्यांचे ‘अव्हेन्यू’, पूर्वेला आकड्यांच्या ‘स्ट्रीट’. सेव्हन्थ अव्हेन्यू अर्धा मैल इकडे, सेव्हन्थ स्ट्रीट अर्धा मैल तिकडे. नुसतं ‘सेव्हन्थ’ लक्षात ठेवलंत, तर भर उन्हात मैलभराची चूक होते. तुमच्या चौकातून एक थांबा पश्चिमेला सेव्हन्थ अव्हेन्यूचं स्टेशन आहे. सेव्हन्थ स्ट्रीटला स्टेशनच नाही.

जायचं कुठे? शहराकडे, म्हणजे दक्षिणेकडे निघालात की दुसरं स्टेशन लागतं ‘इंडियन स्कूल’. नाव ऐकून ही म्हणाली, ‘अगंबाई, आपल्या मुलांची शाळा!’ आपली नव्हे. तिथल्या मूळ रहिवाशांच्या मुलांसाठी सरकारनं १८९१ मध्ये काढलेली निवासी शाळा. आईबापांपासून लांब आणायचं, केस कापायचे, गणवेश चढवायचा, घरची भाषा बोलायची नाही, असा खाक्या. सुरुवातीची ती कडक वर्षं पुढे सरली, तरी शाळा १९९० पर्यंत चालली. आता तिथे मोठी बाग आहे, तळं आहे आणि शाळेच्या दोन-तीन इमारती राखल्यात. बागेतल्या एका भिंतीपाशी ही बराच वेळ बसली. तिच्या आजीला शाळेत पोर्तुगीज बोलावं लागे, कोकणी बोललं की छडी. (माहेर मडगावचं.) त्या दिवशी आम्ही पुढे कुठे गेलोच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा निघालो आणि एन्कॅन्टो स्टेशनला उतरून हर्ड म्युझियम बघितलं. १९२९ सालचं आहे. अशा शाळांवर तिथे एक अख्खं दालन आहे, कापलेल्या वेण्यांसकट. दोन तास ठेवा. आत थंड असतं, बसायला जागा आहे.

तुमच्याच चौकापासून जरा खाली, सेंट्रलवर, सेंट फ्रान्सिस झेवियरचं चर्च आहे. जेझुइटांचं, शेजारी त्यांची मुलांची शाळा ब्रॉफी, १९२८ ची. पाटी वाचून ही रस्त्यातच थांबली. ‘हा तर आमचा गोंयचो सायब!’ ज्याचं शव जुन्या गोव्यात बॉम जेझूच्या बॅसिलिकात आहे, तो संत इथे वाळवंटात भेटला. आम्ही हिंदू, पण माहेरचं माणूस दिसल्यासारखा तिनं हात जोडला. त्या दिवशी ऊन लागलं नाही म्हणे. मला लागलं.

मोठी लायब्ररीही याच मार्गावर, रूझवेल्ट स्टेशनपासून थोडं चालून. १९९५ ची इमारत, पाच मजली. उन्हाळ्यात गारव्याला लोक तिथे येऊन बसतात, कुणी हटकत नाही. दुपारचं ऊन तिथेच काढायचं आणि संध्याकाळी परतायचं, असंही आम्ही केलं.

शेवटचं, पावसाचं. तिथेही ‘मॉन्सून’ म्हणतात, शब्द तोच, १५ जूनपासून. फसू नका. वर्षाचा सगळा पाऊस दोनशे मिलिमीटरच्या आत-बाहेर, तुमच्याकडे एकट्या जुलैत याहून जास्त पडतो. पावसाआधी येते ती धुळीची भिंत. क्षितिजावर तपकिरी डोंगर उठलेला दिसला की फलाटावर थांबू नका, दुकानात शिरा. आणि हो, घरात कूलर शोधू नका. एकेकाळी फीनिक्सही आपल्यासारखंच पाण्याच्या कूलरच्या थंडाव्यावर झोपायचं. आता सगळीकडे एसी. वाळ्याचा वास नाही म्हणून मला पहिले आठ दिवस झोप लागली नाही, तुमचंही तसंच होणार. पिशवीत वाळ्याची जुडी घेऊन जाऊ नका मात्र, विमानतळावर वनस्पती अडवतात.

प्रश्न : माझा भाचा ऑगस्टमध्ये टेंपीच्या विद्यापीठात एम.एस.ला जातोय. अपटाऊन फीनिक्समध्ये ओळखीच्यांकडे खोली मिळते आहे. रोज लाइट रेलनं जाणं जमेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : जमेल, पण आता गाडी बदलावी लागेल. जून २०२५ मध्ये दक्षिणेकडचा साडेपाच मैलांचा नवा मार्ग सुरू झाला आणि एका मार्गाचे दोन झाले. अपटाऊनवरून जाते ती ‘बी’, टेंपी-मेसाकडे जाते ती ‘ए’. दोघींची गाठ शहराच्या मध्यावर पडते, तिथे उतरून दुसरी धरायची. जाताना तासभर धरावा, परतताना तेवढाच. पूर्वी एकाच गाडीत बसून जाता यायचं, म्हणून ओळखीचे लोक जुन्या आठवणीवर ‘थेट आहे’ म्हणतील. त्यांचं ऐकू नये. विमानतळावरून येतानाही हेच. आधी फुकटची स्काय ट्रेन ४४व्या स्ट्रीटच्या स्टेशनपर्यंत, मग ‘ए’, मग ‘बी’. दोन मोठ्या बॅगा असतील तर पहिल्या दिवशी ओळखीच्यांना गाडी घेऊन बोलवावं. सायकल डब्यात टांगता येते, भाच्याला सांगा.