श्रीलंकेत तेराव्या घटनादुरुस्तीने प्रांतांना अधिकार दिले, मग तमिळ अजून असमाधानी का?

कारण कागदावरचे अधिकार त्यांच्या हातात कधी पडलेच नाहीत. 'एवढं देऊनही यांचं समाधान होत नाही' हे वाक्य मला फार खटकतं. मी राज्यशास्त्र शिकवतो, त्यामुळे थोडं घटनेच्या मजकुरापासून सांगतो.

राजीव गांधी आणि श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांचा करार जुलै १९८७ मधला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात संसदेने दुरुस्ती मंजूर केली. शेती, शिक्षण, आरोग्य, जमीन, पोलीस असे विषय प्रांतांच्या वाट्याला आले. पण केंद्राच्या राखीव सूचीतली पहिलीच नोंद पाहा: सर्व विषयांवरचं राष्ट्रीय धोरण! म्हणजे प्रांताच्या कुठल्याही विषयात केंद्राला धोरणाच्या नावाने शिरता येतं. केंद्र आणि राज्यांत विषय वाटून देणाऱ्या आपल्या घटनेच्या सातव्या अनुसूचीत अशी नोंद नाही. शिवाय प्रांताचा राज्यपाल राष्ट्राध्यक्ष नेमतात, आणि राज्यपालाच्या शिफारशीशिवाय प्रांतिक परिषदेत, म्हणजे प्रांताच्या निवडून आलेल्या सभागृहात, आर्थिक विधेयक मांडताच येत नाही. पोलिसांचा अधिकार तर प्रत्यक्षात दिलाच गेला नाही. जमिनीसाठी राष्ट्रीय आयोग नेमायचा होता, तोही नेमला नाही.

खरा कस २०१२ मध्ये लागला. 'दिवी नेगुमा' नावाच्या विधेयकाने गरिबांसाठीच्या योजना तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे यांचे भाऊ बासिल राजपक्षे यांच्या केंद्रीय मंत्रालयाखाली आणायचं ठरवलं. विषय प्रांतांचा, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आधी सगळ्या प्रांतिक परिषदांचं मत घ्या. तमिळबहुल उत्तर प्रांतात तेव्हा निवडून आलेली परिषदच नव्हती. मग तिच्या जागी राज्यपालांनीच संमती देऊन टाकली! केंद्राने नेमलेल्या माणसाने केंद्राला दिलेली ही परवानगी न्यायालयाने मानली नाही. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरन्यायाधीश शिरानी बंडारनायके यांच्यावर महाभियोग आला, जानेवारी २०१३ मध्ये त्यांना पदावरून काढलं, आणि विधेयकही मंजूर झालं. माझ्या मते तेराव्या दुरुस्तीचं खरं मोल काय, ते या एका प्रकरणात दिसतं.

सप्टेंबर २०१३ मध्ये उत्तर प्रांतात एकदाची निवडणूक झाली. तमिळ राष्ट्रीय आघाडीने ३८ पैकी ३० जागा जिंकल्या. लोकांना ही परिषद हवी होती, याचा आणखी काय पुरावा हवा?

आणि हे फक्त तमिळांपुरतं राहिलेलं नाही. २०१७ मध्ये निवडणुकीची पद्धत बदलणारा कायदा झाला. त्यासाठी केलेला मतदारसंघांच्या फेररचनेचा अहवाल पुढच्या वर्षी संसदेने फेटाळला. जुनी पद्धत रद्द झालेली, नवी वापरता येत नाही, अशी कोंडी झाली. २०१९ पर्यंत सिंहलीबहुल प्रांतांसकट नऊही परिषदांची मुदत संपली आणि पुढची कित्येक वर्षं कारभार राज्यपालांकडेच राहिला. (मुंबई महापालिकेत मार्च २०२२ नंतर प्रशासकाचा कारभार पाहिलेल्यांना यातला त्रास वेगळा सांगायला नको.)

त्यामुळे तेरावी दुरुस्ती पुरेशी की अपुरी, हा वाद मला आज दुय्यम वाटतो. आधी निवडणुका घ्यायला हव्यात. जुनी पद्धत परत आणायला नवी राज्यघटना लागत नाही, संसदेत साध्या बहुमताने कायदा बदलला की झालं.