डिमेन्शिया झालेल्या आईचं जुनं दुखणं कमी कसं करावं?

तुमच्या आईंचे गुडघे आधीपासूनच झिजलेले, त्यात आता डिमेन्शिया. 'दुखतंय का?' विचारलं की 'छे, काही नाही' म्हणतात आणि आंघोळीला उठवायला गेलं की मारायला धावतात. म्हणून झोपेची गोळी सुरू करावी का, असं तुम्ही विचारलंय. मला विचाराल तर आधी दुखण्याचं बघा, झोपेचं नंतर.

मी डॉक्टर नाही. माझ्या वडिलांना अल्झायमर होता आणि मणक्याचं दुखणं त्याच्याही आधीपासूनचं. त्यांचं सगळं घरीच केलं, त्यावरून सांगते.

खुर्चीत निवांत बसलेल्या माणसाला त्या क्षणी खरंच दुखत नसतं आणि सकाळचं आठवत नसतं. म्हणून उठवताना, कूस बदलताना, गुडघ्यावर हात ठेवून 'इथे?' एवढंच विचारा. आणि बघत राहा. यासाठी २००३ साली अमेरिकेत तयार झालेली 'पेनॅड' नावाची सोपी मोजपट्टी आहे: श्वास, कण्हणं-ओरडणं, चेहरा, अंग आखडणं आणि समजावूनही शांत न होणं. प्रत्येकाला ० ते २, एकूण १० पैकी; आकडा जितका मोठा तितकं दुखणं जास्त. आकडा कालनिर्णयच्या चौकटीत लिहून ठेवायचा. उठतानाचा व्हिडिओही काढा, कारण दवाखान्यात ही मंडळी हसून 'मी अगदी मजेत' म्हणतात आणि खोटे आपण पडतो!

आता औषध. नॉर्वेत १८ वृद्धाश्रमांतल्या ३५२ डिमेन्शियाग्रस्तांवर झालेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. वेदनेवर ८ आठवडे पद्धतशीर उपचार केल्यावर त्यांची चिडचिड, आरडाओरडा कमी झाला. उपचार थांबवल्यावर पुन्हा वाढला. त्यातल्या बहुतेकांना दिलेलं औषध म्हणजे आपली साधी पॅरासिटामॉल. फरक इतकाच की ती मागितल्यावर नाही, घड्याळाप्रमाणे दिली जायची. जे मागूच शकत नाहीत त्यांना 'लागली तर द्या' म्हणजे कधीच न देणं. आईंचं वजन, लिव्हर बघून डॉक्टरांकडून डोस ठरवून घ्या, आणि सकाळची गोळी आंघोळीच्या पाऊण तास आधी येईल असं बसवा. सर्दीच्या आणि अंगदुखीच्या कितीतरी गोळ्यांत पॅरासिटामॉल असतंच, तेव्हा पाकीट वाचा.

मेडिकलवाल्याला विचारून डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक असल्या दुखण्यावरच्या गोळ्या मात्र देऊ नका. या वयात पोटात रक्तस्राव होतो, किडनीवर ताण येतो. गुडघ्याला डायक्लोफिनॅकचं जेल चोळणं त्या मानाने बरंच सुरक्षित, पण तेही डॉक्टरांना सांगून. ट्रामाडॉल या जास्त कडक वेदनाशामकाने गोंधळ आणि बद्धकोष्ठता वाढू शकते, अ‍ॅमिट्रिप्टिलिन या नैराश्यावरच्या, पण दुखण्यालाही देतात त्या गोळीने विस्मरण. झोपेच्या गोळीने तोल जातो. त्यात दुखणं तसंच राहतं, फक्त ओरडायचं त्राण जातं.

बाकी आमच्याकडे सगळ्यात जास्त उपयोग झाला तो उंच कमोडचा आणि आंघोळीच्या स्टुलाचा. उकिडवं बसणं बंद झालं आणि सकाळची निम्मी भांडणं मिटली. शेकायची पिशवी टॉवेलात गुंडाळून, आधी स्वतःच्या दंडाला लावून बघा आणि तिथेच बसून राहा. भाजलं तरी त्या सांगणार नाहीत. बाम लावलात तर त्यांचे हात पुसा, नाहीतर तेच डोळ्यांना लागतात.

दोन दिवसांत अचानक वागणं बिघडलं तर मात्र गुडघ्यांना दोष देऊ नका. कवळी रुतते का, पोट साफ झालंय का, लघवीला जळजळ आहे का, कुठे पडल्या होत्या का, हे बघा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.